गाडी बंद पडली? आधी कान द्या!

मित्रांनो, तुमच्या घरी मोटार असो वा नसो, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली मोटार तुम्ही नक्कीच पाहिली असेल. बॉनेटमध्ये तीन-चार डोकी घुसलेली असतात. एक म्हणतो, "बॅटरी गेली." दुसरा म्हणतो, "छे हो, प्लग बघा." तिसऱ्याला गाडीतलं काहीच कळत नसतं, पण सगळ्यांत मोठ्यानं तोच बोलत असतो! एवढ्या गर्दीत खुद्द गाडीला मात्र कोणी काही विचारत नाही.

गाडीला विचारायचं? हो, विचारायचं. आणि ती उत्तरही देते. कसं, ते मला आखाडा बाळापूरजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये कळलं. त्याचीच ही हकीकत.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना होता. हिंगोलीहून आम्ही नांदेडला निघालो होतो. गाडी माझ्या दादाची, पेट्रोलवर चालणारी, दहा-बारा वर्षांची. पुढे दादा आणि मी, मागे आजी आणि दादाची मुलगी. ती तेव्हा आठवीत होती. आजीच्या डोळ्याला मोतीबिंदू झालेला. डॉक्टरांनी दुपारी तीनची वेळ दिली होती आणि ती चुकली तर पुढची वेळ थेट पंधरा दिवसांनी मिळणार होती. बाहेर ऊन असं की डांबर मऊ पडलेलं.

कळमनुरी मागे पडलं. बाळापूरच्या अलीकडे गाडीनं दोन सेकंद ओढल्यासारखं केलं आणि गप्प झाली. दादानं सेल्फ मारला. इंजिन कुर्रकुर्र फिरलं, पण पेट घेईना.

"परत?" आजी म्हणाली. "अरे, पंप बदलला म्हणाला होतास ना?"

दादा काही बोलला नाही. दीड महिन्यापूर्वी गाडी अशीच दोनदा दुपारी बंद पडली होती. एका गॅरेजमध्ये नेली, त्यांनी "पंप गेला" असं सांगितलं, नवा पंप बसवला आणि सात हजार घेतले. त्यानंतर महिनाभर गाडी छान चालली आणि आता पुन्हा तेच. अर्धा तास थांबलं की आपोआप सुरू होणार, हे दादाला ठाऊक होतं. पण अर्ध्या तासानं सुरू होऊन पुन्हा दहा किलोमीटरवर बसली तर?

सुदैवानं दोनशे पावलांवर लिंबाखाली एक शेड दिसली. बाहेर टायर टांगलेले. आतून पांढरी दाढी असलेले एक म्हातारे मिस्त्री हात पुसत आले. आसपासची पोरं त्यांना उस्ताद म्हणत होती, म्हणून आम्हीही उस्तादच म्हणू लागलो.

आता खरी गंमत ऐका. उस्तादांनी बॉनेटला हात लावला नाही. ते दादाला विचारू लागले, "कधी बंद पडती? सकाळी का दुपारी?"

"दुपारीच."

"झटके देऊन बंद पडती का एकदम?"

"जराशी ओढते आणि मग बसते."

"थांबल्यावर आपोआप चालू होती?"

"अर्ध्या तासानं होते."

"पेट्रोल किती ठेवता टाकीत?"

इथे दादा जरा घुटमळला. "असतं... लाल दिव्याच्या आसपास."

उस्ताद नुसते हसले. मला मात्र डॉक्टर आठवले. ताप कधी येतो, थंडी वाजते का, काल काय खाल्लंस, हे सगळं विचारल्याशिवाय चांगला डॉक्टर गोळी देत नाही. या प्रश्नांत नुसती चौकशी नव्हती, प्रत्येक उत्तराला अर्थ होता. ठिणगी गेली तर इंजिन बहुधा बटण बंद केल्यासारखं त्याच क्षणी थांबतं. पेट्रोलच्या वाटेत कचरा अडकला असेल तर चढावर दम लागतो आणि गाडी झटके देते. पंपाचा करंट तुटला तर नळीत उरलेल्या पेट्रोलवर एखाद-दोन सेकंद ओढून मग बसते. आणि गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर चालू, असं असेल तर उष्णतेनं बिघडणारी वस्तू शोधायची.

मग उस्तादांनी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. "बेटा," ते पुतणीला म्हणाले, "मागच्या सीटवर कान लाव. भाऊ, तुम्ही चावी फक्त ऑनवर आणा. सेल्फ मारू नका."

चावी फिरली. पुढे बॉनेटखाली कुठेतरी 'टक्' असा बारीक आवाज झाला. दोन-तीन सेकंदांनी पुन्हा एक 'टक्'.

"काय ऐकलं?"

"टक् ऐकू आलं. बाकी काहीच नाही."

"काहीच नाही!" उस्ताद एकदम खुश झाले. "हेच तर पाहिजे होतं."

ते 'काहीच नाही' इतकं महत्त्वाचं का, हे समजायला आपल्याला आधी गाडीच्या टाकीत उतरावं लागेल. काळजी नको, वाटेत आपल्या ओळखीची एक विहीर आहे.

वसमतकडच्या हळदीच्या मळ्यांत किंवा तुमच्या गावच्या शिवारात जुन्या विहिरीच्या काठावर बसवलेली मोटार तुम्ही पाहिली असेल. ती पाणी वर ओढते. खरं म्हणजे ती फक्त पाइपातली हवा काढते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हवेची ताकद ठरलेली आहे. तिला पाणी जास्तीत जास्त १०.३ मीटर वर ढकलता येतं, आणि प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या पुढे काम कठीणच. म्हणून पाणी खोल गेलं की लोक विहिरीत, बोअरमध्ये पाणबुडी मोटार सोडतात. ती वरून ओढत नाही, खालून ढकलते.

मोटारगाडीतही अगदी हेच झालं. जुन्या ॲम्बॅसडरचा किंवा फियाटचा पंप इंजिनाला चिकटलेला असे. इंजिन फिरलं की त्याच्या आतला पडदा खालीवर होई आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरमध्ये सोडी. १९८३ साली आलेली मारुती ८०० सुद्धा सुरुवातीला कार्ब्युरेटरवरच चाले. आपल्या मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात या पंपांची फार पंचाईत व्हायची. पेट्रोलमधला सगळ्यांत हलका भाग चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतो. तापलेल्या इंजिनाजवळ नळीतल्या पेट्रोलची वाफ होई आणि पंप नुसती वाफच ओढत बसे. गाडी ठप्प! मग ड्रायव्हर काय करायचा? फडकं पाण्यात भिजवून पंपावर ठेवायचा आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला जायचा. तुमच्या आजोबांना विचारा, ओल्या फडक्याची आठवण त्यांच्यापाशी नक्की असेल.

१ एप्रिल २००० पासून देशभर नव्या मोटारींच्या धुराचे नियम कडक झाले. पेट्रोल मोजूनमापून फवारणं भाग पडलं. कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंजेक्शनची गाडी आली. फवारायचं तर दाब हवा, साधारण तीन बार तरी. म्हणजे तीस मीटर उंच पाण्याची टाकी बांधली, तर तिच्या पायथ्याच्या नळाला जेवढा दाब असेल तेवढा. असा दाब ओढून येत नाही, ढकलावाच लागतो. म्हणून पंप टाकीच्या पोटात गेला. बहुतेक छोट्या मोटारींत ही टाकी मागच्या सीटखाली असते. (म्हणजे आमची आजी बरोबर पंपावरच बसली होती!)

बोअरमधली मोटार कशानं गार राहते? भोवतालच्या पाण्यानं. पाणी आटलं आणि ती कोरडी चालली की जळते. टाकीतला पंपही भोवतालच्या आणि पोटातून वाहणाऱ्या पेट्रोलनंच गार राहतो. टाकी कायम लाल दिव्यावर ठेवली तर पंप तापतो, शिवाय तळाचा गाळही ओढतो. उस्ताद का हसले, ते आता कळलं ना?

"पण पंप पेट्रोलमध्ये बुडालेला आणि त्यात वीज! मग पेट नाही घेत?" हा प्रश्न पुतणीनं तिथेच विचारला. तुम्हालाही पडला असेल, आणि पडायलाच हवा. पेट्रोल जळायला हवा लागते, आणि तीही योग्य प्रमाणात. पंपाच्या आत पेट्रोल भरलेलं असतं, तिथे हवा नसते. टाकीच्या वरच्या भागात वाफ इतकी दाट असते की सहसा ती पेटू शकत नाही. धोका असतो तो टाकीच्या बाहेर, जिथे वाफ आणि हवा मिसळतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ठिणगीलाही सापडते. म्हणून पेट्रोलची नळी सोडणं हे पोरांचं काम नाही, आणि बाबांचंही नाही. इंजिन बंद असलं तरी नळीत दाब उरलेला असतो, आणि सोडताक्षणी पेट्रोल अंगावर उडतं.

चावी ऑनवर आणली की हा पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि नळीत दाब भरून ठेवतो. तेव्हा मागून बारीक 'घूंऽऽ' असा आवाज येतो. तेवढ्यात इंजिन फिरलं नाही तर गाडीचा कॉम्प्युटर पंप बंद करतो. का बरं? समजा अपघात झाला, इंजिन थांबलं, पण चावी तशीच राहिली. पंप चालूच राहिला तर फुटलेल्या नळीतून पेट्रोल सांडत राहील. इंजिनाजवळचा एक छोटा सेन्सर 'इंजिन फिरतंय, फिरतंय' असं कॉम्प्युटरला सांगत असतो. तो गप्प झाला की पंपही गप्प.

आमच्या गाडीत घूं आलाच नाही. आलं फक्त 'टक्'. हे टक् कोणाचं?

पुन्हा शेतात चला. मोटारीचा स्टार्टर आठवा. हिरवं बटण दाबलं की आत 'खट्ट' होतं आणि मोटार सुरू होते. बोटाखालच्या त्या एवढ्याशा बटणातून मोटारीचा सगळा करंट जात नाही. गेला तर बटण जळून जाईल. बटण फक्त आतल्या कॉइलला थोडासा करंट देतं. कॉइलचं चुंबक होतं, ते लोखंडी पट्टी खेचतं आणि पट्टी जाड पॉइंट जुळवते. मोठा करंट त्या पॉइंटमधून वाहतो. वीज गेली की चुंबकाची ओढ जाते, पट्टी सुटते आणि मोटार बंद होते. रात्रीच्या लाइटीला शेतात जाणाऱ्या कुणालाही 'नो-व्होल्ट कॉइल' हा शब्द पाठ असतो.

गाडीतला रिले म्हणजे हाच स्टार्टर, फक्त काडेपेटीच्या निम्म्या आकाराचा. त्याच्या पायांवर सहसा चार आकडे असतात. ८५ आणि ८६ हे कॉइलचे पाय. ३० नंबरच्या पायावर बॅटरीचा करंट येऊन थांबलेला असतो. पॉइंट जुळले की तो ८७ नंबरमधून पंपाकडे जातो.

नववी-दहावीतल्या मुलांनो, एक गणित करा. कॉइलचा रोध ८० ओहम धरा, बॅटरी १२ व्होल्टची. ओहमच्या नियमानं करंट किती? १२ भागिले ८०, म्हणजे ०.१५ अँपिअर. पंपाला लागतात चार-पाच अँपिअर. म्हणजे छोटा हुकूम आणि त्याच्या तीसपट मोठं काम!

ही युक्ती मोटारीहून कितीतरी जुनी आहे. अमेरिकेतल्या जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञानं १८३५ च्या सुमारास ती करून दाखवली. पुढे ती तारायंत्रात आली. लांबच्या तारेतून येता येता संदेश क्षीण व्हायचा, तेव्हा वाटेत असा खटका बसवून ताज्या बॅटरीवर तो पुढे पाठवायचे. रिले हे नाव कुठून आलं माहीत आहे? टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे बदलायची जी पद्धत होती, तिच्यावरून. आपल्याकडची डाक तशीच तर चालायची, एका चौकीवर थकलेला घोडा सोडायचा आणि ताजा घ्यायचा.

रिलेची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुरुवातीचे काही कॉम्प्युटर रिलेंवरच चालायचे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाचा मार्क टू हा कॉम्प्युटर अडला. शोधता शोधता एका रिलेत अडकलेला पतंग सापडला! तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीनं वहीत चिकटवून ठेवला आणि शेजारी लिहिलं की खरोखरचा 'बग' सापडण्याची ही पहिलीच वेळ. बग म्हणजे किडा. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची रीत त्याआधीपासून होती, म्हणून तर त्यांना गंमत वाटली. आपल्याला मात्र त्यात नवल नाही. शेतातल्या स्टार्टरमध्ये मुंग्या आणि पाली अडकून मोटार बंद पडल्याचे किती किस्से सांगू?

असो. आपण बाळापूरजवळ आजीला उन्हात बसवून आलो आहोत. (खरं तर तिला लिंबाखाली खाट दिली होती आणि चहाही आला होता.)

टक् झालं, पण घूं झालं नाही. याचा अर्थ लावून बघा. टक् झालं म्हणजे कॉम्प्युटरनं हुकूम दिला, कॉइलनं ऐकलं आणि पट्टी हलली. एवढी माणसं निर्दोष सुटली. उरले कोण? फ्यूज, रिलेचे पॉइंट, पंपापर्यंतची तार, पंपाचं अर्थिंग आणि पंप. पाच संशयित आणि सगळे गप्प. आता एकेकाची झडती!

उस्तादांनी टेस्ट लॅम्प काढला. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, तर एक छोटा बल्ब, एका बाजूला चिमटा आणि दुसऱ्या बाजूला टोकदार सळई. चिमटा बॅटरीच्या वजा टोकाला लावायचा आणि सळईनं एकेक जागा तपासायची. जिथे करंट पोचतो, तिथे बल्ब लागतो. त्यांनी पंपाच्या फ्यूजची दोन्ही टोकं तपासली. दोन्हीकडे बल्ब लागला, म्हणजे फ्यूज शाबूत. मग रिले उपटून ३० नंबरच्या खाचेत सळई टेकवली. तिथेही उजेड. म्हणजे करंट रिलेच्या दारापर्यंत येतोय.

"आता बघ बेटा, एक जादू," असं म्हणून उस्तादांनी शेजारचा हॉर्नचा रिले उपटला. दोन्ही रिले उलटे करून अंगावरचे नंबर जुळवले, पायांची मांडणी जुळवली आणि हॉर्नचा रिले पंपाच्या जागी दाबून बसवला.

चावी फिरली. टक्. घूंऽऽऽ!

आजी एव्हाना गाडीत येऊन बसली होती. ती दचकून म्हणाली, "अगं बाई, माझ्याखाली काय गुरगुरलं?"

दादानं सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. नवा पंप, तार, अर्थिंग, सगळे एका झटक्यात निर्दोष. चोर सापडला होता आणि तो उस्तादांच्या तळहातावर होता. सगळ्या कामाला वीस मिनिटंही लागली नाहीत. उस्तादांनी शंभर रुपये घेतले आणि पुतणीला तो जुना रिले बक्षीस दिला. वर दादाला बजावलं, "नांदेडात पहिल्यांदा नवा रिले घ्या. हॉर्न मुका झालाय तुमचा."

खरंच की! हॉर्नच्या जागी तो जळका रिले ठेवून काय उपयोग? पुढचा सगळा रस्ता दादा एखाद्या नवशिक्यासारखा हळू चालवत होता. वारंगा फाट्याजवळ म्हशी आडव्या आल्या तेव्हा पुतणीनं खिडकीतून डोकं काढून "हुर्र, हुर्र" केलं, आणि म्हशींनी हॉर्नपेक्षा जास्त मान दिला. दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. डॉक्टर निघायच्या तयारीत होते, पण आजीला पाहून पुन्हा खुर्चीत बसले.

आता तुमच्या मनात एक शंका असेल. पॉइंट खराब झालेले होते, तर गाडी सकाळी कशी चालायची? मलाही हा प्रश्न दिवसभर छळत होता. संध्याकाळी आम्ही त्या रिलेचं प्लास्टिकचं टोपण पातीनं उचकटलं. भिंगातून पाहिलं तर पॉइंट काळे पडलेले, मधे खळगा पडलेला. त्यांना घट्ट दाबून धरलं तरच करंट जाणार, असे ते झालेले. दाबतं कोण? कॉइलचं चुंबक. कॉइल असते तांब्याच्या तारेची, आणि तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रोध ०.४ टक्क्यांच्या आसपास वाढतो. मे महिन्यातल्या दुपारी बॉनेटखालचा रिले सकाळपेक्षा साठ अंशांनी जास्त तापला असं धरा. ८० ओहमचे झाले जवळजवळ ९९. करंट उतरला ०.१५ वरून ०.१२ वर. आणि चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ती एक तृतीयांशापेक्षा थोडी जास्तच घटली. पट्टी हलायला आणि टक् वाजायला तेवढी पुरते. जळलेले पॉइंट दाबून धरायला मात्र पुरत नाही. काही गाड्यांच्या रिलेत पॉइंट चांगले असतात पण आतलं झाळकाम तडकलेलं असतं. तेही असंच उन्हात दगा देतं आणि संध्याकाळी शहाणं होतं.

मग त्या गॅरेजवाल्यांनी आम्हाला फसवलं का? मला तसं वाटत नाही. लाल दिव्यावर चालवून चालवून जुना पंप थकलाच असेल. घासत चालणारा पंप जास्त करंट ओढतो, आणि जास्त करंट तोडताना पॉइंटवर ठिणग्याही मोठ्या उडतात. त्यानंच रिले जाळला असणार. त्यांची चूक एवढीच की एक दोषी सापडल्यावर त्यांनी शोध थांबवला. त्या दिवशी गाडी गार होती, नव्या पंपावर ती चालू झाली आणि सगळ्यांना वाटलं, झालं काम.

याच्या उलटही घडतं बरं का, म्हणजे रिले ठणठणीत आणि पंपच दोषी. आणि तेही एखाद-दुसऱ्या गाडीत नाही! जून २०२० मध्ये होंडा कंपनीनं भारतात २०१८ साली बनवलेल्या ६५,६५१ गाड्या पंप बदलून देण्यासाठी परत बोलावल्या. पुढच्याच महिन्यात मारुती सुझुकीनं वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपाच्याच तपासणीसाठी बोलावल्या. होंडाच्या पंपांत पेट्रोल ढकलणारं चक्र सदोष असण्याची शक्यता होती. २०२० मध्ये जगभर गाजलेल्या डेन्सो या जपानी कंपनीच्या पंपांत तर या चक्राचं प्लास्टिकच पेट्रोल शोषून फुगायचं आणि कवचाला घासायचं. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं ना, तसं. अशा वेळी पंप फुकट बदलून मिळतो. आई-बाबांनो, गाडी जुनी घेतलेली असली तरी कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून एकदा पाहून घ्या. हजारो रुपये वाचू शकतात.

आज संध्याकाळी बाबांची गाडी अंगणात असेल तर त्यांना विचारून एक करा. गाडी गिअरमध्ये नाही आणि हँडब्रेक लावलेला आहे, हे बाबांनी बघायचं. तुम्ही मागच्या सीटला कान लावायचा. चावी ऑन, सेल्फ नाही. घूं किती सेकंद येतो ते मोजा. निरोगी गाडीचा आवाज आता ओळखीचा करून ठेवला तरच आजारी गाडीचा ओळखता येईल. काही नव्या गाड्यांत दार उघडतानाच पंप घूं करून घेतो, तेव्हा फसू नका. डिझेलच्या गाडीचं तंत्र वेगळं, तिथे ही परीक्षा चालेलच असं नाही. फ्यूजच्या डबीचं टोपण उलटं करून बघा, कोणता रिले कशाचा याचं चित्र बहुधा तिथेच असतं. रिलेची अदलाबदल बाबांनीच, चावी काढून, आणि नंबर व पाय तंतोतंत जुळले तरच करायची. दिसायला सारखे दोन रिले आतून वेगळे असू शकतात. आणि फ्यूज उडाला तर त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची नाही, मोठ्या अँपिअरचाही घालायचा नाही. फ्यूज उडतो तो तार वाचवायला. तो उडालाच नाही तर तार पेटेल.

आजीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं आणि चांगलं झालं. दादाच्या गाडीत नवा रिले आहे, आणि टाकी आता अर्ध्याच्या खाली जात नाही. तो जुना, टोपण नसलेला रिले पुतणीच्या कंपासपेटीत असतो. ८५ आणि ८६ नंबरच्या पायांना ती नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावते आणि वर्गातल्या मुलींना पट्टी कशी खाली येते ते दाखवते. जळक्या पॉइंटचा तो रिले अजूनही न चुकता 'टक्' वाजतो.